बसून काम करताना दुपारनंतर श्वास अपुरा का वाटतो?

प्रश्न
मी मुलाखती ऐकून टाइप करते. सलग तीन-चार तास बसणं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला छाती पूर्ण भरतच नाही असं वाटतं आणि मुद्दाम मोठा श्वास घ्यावा लागतो. उठून दारापर्यंत गेलं की लगेच बरं. जिना चढताना त्रास नाही, डॉक्टरांनीही तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. परवा मुलाने बाजूने फोटो काढला, तो पाहून दचकले. माकडहाडावर बसलेय, पोक निघालंय, हनुवटी स्क्रीनकडे लांबलीय. याचाच हा परिणाम असेल का?

उत्तर १
दाट शक्यता आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे रोज बघते. श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू खालच्या बरगड्यांना आतून जोडलेला असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो, तेव्हा पोटातल्या अवयवांना खाली-पुढे सरकावं लागतं. पोक काढलं की पोटाची घडी होते, त्यांना जागाच उरत नाही. मग मान आणि वरची छाती ते काम ओढतात. एक हात बेंबीच्या वर, दुसरा गळ्याच्या हाडाखाली ठेवा. पोक काढून पाच श्वास, मग सरळ बसून पाच. फरक हाताला कळेल.

आणि खुर्ची बघा. मागे टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. सीट त्याहून लांब असेल तर कंबर खुर्चीच्या पाठीला पोचत नाही, माणूस पुढे घसरतो.

उत्तर २
फक्त ताठ बसायचं म्हणून पोट आत ओढू नका. मी दोन महिने तसा बसलो, श्वास आणखी अडला. आवळलेलं पोट श्वासपटलाला खाली येऊ देत नाही. घट्ट पट्ट्याचंही तेच. मी बासरी वाजवतो. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहायचे. बुडाखाली चादरीची जाड घडी घेतली आणि लांब स्वर टिकायला लागला.

प्रश्नकर्ती
सीटची कड थेट पोटरीला टेकतेय! पाठीमागे उशी ठेवली, आता कंबर टेकते. पोटावरचा हात खरंच हलायला लागला. पण हात ठेवल्यामुळे आणखी एक सापडलं. अस्पष्ट शब्द पुन्हा पुन्हा ऐकताना मी श्वासच धरून ठेवते. वाक्य संपलं की मग उसासा.

उत्तर १
तो उसासा दाबू नका, फुप्फुसातले मिटत आलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, त्यानेच उघडतात. रेकॉर्डिंग थांबवाल तेव्हा आधी श्वास सोडा, मग टाइप करा. आणि अर्ध्या तासाने उठाच. कितीही चांगलं बसलात तरी.