मदत हवी आहे : मूत्राशयाच्या दुखण्यासाठी कडक पथ्य चालू आहे, सोडलेले पदार्थ परत कसे आणायचे?

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, त्यातला जावई सोडला तर बाकी सगळं माझ्याकडे आहे. म्हणून टोपणनावाने इथे विचारतेय.

मी नागपूरची, चाळिशीला टेकलेली, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. गेली काही वर्षं लघवीला सारखं जावं लागतं आणि ओटीपोट दुखतं. मूत्राशय भरत आलं की दुखणं चढतं, जाऊन आलं की जरा उतरतं, तासाभरात पुन्हा तेच. रात्रीसुद्धा सुटका नाही. सुरुवातीला सगळ्यांनीच "उन्हाळी लागली असेल" म्हणून सब्जा, धन्याचं पाणी, वाळ्याचं पाणी पाजलं. मग अँटिबायोटिकचे कोर्स झाले. लघवीचं कल्चर (जंतू आहेत का बघायची तपासणी) दर वेळी निगेटिव्ह, तरी पुढच्या वेळी पुन्हा कोर्स. शेवटी एका यूरॉलॉजिस्टनी नीट बसून ऐकून घेतलं. सोनोग्राफी, टीबीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी, मग भूल देऊन दुर्बीण. खडा नाही, गाठ नाही, टीबी नाही. निदान झालं इंटरस्टिशिअल सिस्टायटिस, ज्याला हल्ली ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. या आजारात काहींना मूत्राशयाच्या आत 'हनर लीजन' नावाचे व्रण असतात, ते मला नाहीत. रात्रीची एक गोळी चालू आहे, आणि त्याच्या जोडीला पथ्य.

पथ्याची गोष्ट अशी, की डॉक्टरांनी दिलेला छापील कागद मूळचा अमेरिकेतला आहे. कॉफी, चहा, दारू, सोड्याची पेयं, संत्रं-लिंबू, टोमॅटो, मिरची, कृत्रिम गोडवा हे बंद, इथपर्यंत ठीक. पुढे चालणाऱ्या पदार्थांत पेअर, ब्लूबेरी आणि ओट्स. आमसूल, चिंच, कैरी, गोडा मसाला, मेतकूट, ताक यांचं काय, ते मी कुठे शोधू? म्हणून संशय आला ते सगळंच बंद केलं. संत्र्यांच्या गावात राहून ऐन हंगामात आंबिया बहाराकडे नुसतं बघत बसले, ते दुःख वेगळंच.

सध्या पोटात जातं ते मुगाचं वरण, भात, तूप, ज्वारीची भाकरी, दुधी, लाल भोपळा, दोडका, बटाटा, दूध, अंडं, कधी चिकनचा बिनतिखटाचा रस्सा. फळांत नाशपाती आणि थोडं टरबूज.

फरक पडला का? हो, आणि चांगला पडला. रात्री उठणं निम्म्यावर आलं. ऑफिसात तर जास्तच कळतं. काउंटर सोडायचं म्हणजे आधी ड्रॉवरला कुलूप, किल्ली स्वतःजवळ, समोर पेन्शनवाल्यांची रांग, आणि परत येईपर्यंत कोणीतरी म्हणणारच, "मॅडम चहाला गेल्या वाटतं!" चहाच तर बंद आहे हो. पण आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत बहुतेक दिवस निभतं.

अडचण पुढे आहे. पथ्याचा महिना कधीच उलटून गेला, डॉक्टर म्हणतात आता एकेक पदार्थ परत घेऊन बघा. आणि माझी हिंमत होत नाही. वजन उतरलंय, ब्लाउज सैल झालेत, शेजारणी विचारतात काय केलंस ग. सासूबाई बिचाऱ्या कुरकुर न करता माझं वरण वेगळं काढतात, पण किती दिवस? आपल्या एका आमटीत चिंच, गूळ, मिरची, मसाला, कधी टोमॅटो, सगळं एकत्र जातं. त्रास झालाच तर बोट कोणाकडे दाखवायचं? त्यात पाळीच्या आधीचे चार दिवस मला पथ्यातही दुखतं, एसटीने वर्धेला जाऊन आलं तरी दुखतं.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, आपल्या स्वयंपाकात हे परत आणणं नक्की कसं करायचं? सुरुवात कशापासून? आंबटाला काही पर्याय आहे का, की ती चव कायमची सोडायची? आणि पुढे उन्हाळा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पाणी जास्त प्यावं तर फेऱ्या वाढतात, कमी प्यावं तर जळजळ. तिथे तुम्ही काय करता?

– भुईनळा


रानजाई : भुईनळाताई, मी कोकणातली, याच आजाराची जुनी गिऱ्हाईक. तुम्ही अर्धा डोंगर चढला आहात, कारण पथ्याने फरक पडतो हे तुम्हाला कळलंय. काहींना जेवणाने काहीच होत नाही, त्यांनी उगाच उपाशी राहण्यात अर्थ नसतो.

परत आणताना आमटी विसरा. रोजचं जे खात्रीचं वरण-भात आहे तेच ताट ठेवायचं आणि त्यात एकच वस्तू घालायची. समजा चिंच. पहिल्या दिवशी वाटीभर वरणात चमचाभर पातळ कोळ. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशी आपण एरवी खातो तितका. तीन दिवस निभले तर तो पदार्थ पास. मध्येच दुखलं तर थांबायचं, दुखणं पूर्ण बसेपर्यंत पुढच्या पदार्थाला हात लावायचा नाही. पाळीच्या आधीचे दिवस, प्रवास, लग्नकार्य, जागरण, या दिवसांत परीक्षा घ्यायचीच नाही. वहीत खाल्लेलं, किती वेळा गेलात ते, दुखणं दहापैकी किती, आणि पाळीची तारीख लिहा. पाळीचा रकाना नसेल तर सगळा दोष बिचाऱ्या टोमॅटोच्या माथी जातो.

सुरुवात ज्यावर संशय कमी आणि ज्याची गरज जास्त, तिथून. मी कांदा शिजवून घेतला, मग लसूण, मग तूरडाळ, शेंगदाणे. चहा, टोमॅटो, लिंबू अगदी शेवटी. मला शिजलेला कांदा चालतो, कच्चा चालत नाही. आमसूल माझ्या नशिबात नाही. कोकणात राहून सोलकढी नाही, तेव्हा संत्र्याचं दुःख मला सांगू नका.

कट्टाबहाद्दर : एवढं काय त्यात. रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, सोबत क्रॅनबेरी ज्यूस आणि आवळा रस. माझ्या बहिणीचं युरीन इन्फेक्शन कायमचं गेलं. सगळी शरीरातली उष्णता असते.

भुईनळा : दादा, भावना पोचली. पण मला इन्फेक्शन नाहीये, कल्चर कोरं येतं. लिंबू, आवळा आणि क्रॅनबेरी तिन्ही प्रचंड आंबट, आणि माझ्या यादीत तेच सगळ्यात वर. आवळा रस मी मागे घेतला होता, त्या रात्री झोप झाली नाही.

रानजाई : बाहेरच्यांना हेच समजावता समजावता जीव जातो. जगाला जे औषध, ते आपल्याला तिखट.

शेपूची_जुडी : मी आहारतज्ज्ञ आहे. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे ढोबळ सांगते.

घरचं आंबट दिसतं, बाहेरचं दिसत नाही. चिवडा, फरसाण, इन्स्टंट ढोकळा यांत लिंबूसत्त्व असतं. फ्रूट सॉल्टमध्ये सायट्रिक ॲसिडच असतं. पनीर कशाने फाडलंय ते डेअरीत विचारा, लिंबूसत्त्वाने फाडलेलं असू शकतं. अशक्तपणाला म्हणून पाण्यात विरघळणारी क जीवनसत्त्वाची गोळी घेत असाल तर तीही आधी डॉक्टरांना दाखवा. शुगर-फ्री पेढे, डाएट कोला या वाटेला जाऊ नका.

वजन उतरतंय याचा अर्थ पथ्य लांबलंय. काढून टाकण्याचा टप्पा काही आठवड्यांचा असतो, त्याचं घर करायचं नसतं. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. बेसन चालतं का ते लवकर पाहा, म्हणजे हिरवी मिरची न घालता जिरं, धने, कोथिंबिरीचं पिठलं मिळेल. भाजलेले तीळ, खोबरं, खसखस यांनी उष्मांक वाढतात. लिंबू-संत्रं गेलं म्हणून क जीवनसत्त्वाची फार धास्ती नको, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरचीतूनही ते मिळतं. फक्त त्यांचा फार वेळ शिजवून लगदा करू नका.

आंबटाला पर्याय म्हणाल तर खरा पर्याय नाही. जेवण सपक लागतं ते आंबट नसल्यामुळे कमी आणि फोडणी घाबरत दिल्यामुळे जास्त. तुपात जिरं तडतडू द्या, कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या, लसूण चालला तर लाल होऊ द्या. टोमॅटोच्या ग्रेव्हीच्या जागी लाल भोपळा वाफवून, घोटून, त्यात भाजलेलं खोबरं. रंग येतो, दाटपणा येतो. टोमॅटो नाही हे घरच्यांना पहिल्या घासाला कळतं, पण ते खातात.

उपासाच्या दिवशी सांभाळा. भगर, साबुदाणा ठीक, पण शेंगदाण्याच्या आमटीत आमसूल असतंच.

मोरपंखी : मी फिजिओथेरपिस्ट. जेवणाबद्दल बोलत नाही, पण तुम्ही एसटीचं लिहिलंत म्हणून. या आजारात अनेकींच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले असतात. धक्के, तासन्‌तास एका स्टुलावर बसणं, लघवी धरून ठेवणं, याने ते आणखी आवळतात. ते सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी असते, अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही तिचा समावेश आहे. त्याच सूचना सांगतात की स्नायू आवळण्याचे व्यायाम, म्हणजे ज्यांना केगल म्हणतात ते, इथे टाळायचे. बाळंतपणानंतर सरसकट सगळ्यांना तेच सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. ऑनलाइन व्हिडिओ बघून करू नका, तपासून शिकवणारी व्यक्ती शोधा. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. भात-बटाट्यावर राहिलात तर ते हमखास होणार.

परदेशस्थ_पांडू : बायकोला हा त्रास आहे, आम्ही न्यू जर्सीत. इथे कॅल्शियम ग्लिसरोफॉस्फेटच्या गोळ्या दुकानात मिळतात, आंबट खाण्याआधी घेतल्या की पदार्थातलं आम्ल कमी होतं. बायकोला पिझ्झ्यापुरता उपयोग होतो, लोणच्यापुढे गोळी हात टेकते. भारतात मिळतात का ते डॉक्टरांना विचारा. आणखी एक, या आजारावर पेन्टोसान नावाचं औषध कोणी सुचवलं तर डोळ्यांचा पडदा आधी आणि मधूनमधून तपासायला सांगा. दीर्घकाळ घेणाऱ्यांत पडद्याला इजा झाल्याचं आढळलंय. हिची तपासणी दर वर्षी असते.

भुईनळा : सगळ्यांचे मनापासून आभार. मोरपंखीताई, स्टुलाचं अगदी बरोबर, आमचे काउंटरचे स्टूल उंच आहेत आणि पाय लोंबकळतात. आणि केगलच करत होते मी! आजच बंद.

रानजाई, पाण्याचं राहिलं बघा. आणि चहाच्या वेळी तुम्ही काय पिता? चार वाजता सगळे चहाला उठतात तेव्हा मला नुसतं बसवत नाही.

रानजाई : पाणी कमी केलं की लघवी गडद होते आणि तीच आतून जास्त चावते. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला जो संरक्षक थर असतो तो आपल्यात कमकुवत झालेला असतो, असा एक तर्क आहे. त्यामुळे गडद लघवी थेट अस्तराला झोंबते म्हणे. एका दमात तांब्याभर प्यायचं नाही, दिवसभर घोट घोट. रंग फिकट पिवळा राहिला की पुरे. संध्याकाळी सातनंतर हात आखडता. तुमच्याकडच्या उन्हात बाहेर पडाल तेव्हा प्रमाण वाढवावंच लागेल. पन्हं आणि कोकम सरबत वर्ज्य, ओआरएसची पाकिटं घेताना त्यात संत्र्याची चव आहे का ते वाचा.

चार वाजता मी कोमट दूध, त्यात वेलची आणि बडीशेप उकळून. कपात असतं, वाफ येते, कोणी विचारत नाही. मूळ चहाची चाचणी मी दीड वर्षानंतर केली. अर्धा कप, फिका, जेवणावर, चालला. पूर्ण कप नाही चालला.

भुईनळा : छान. पाळी झाली की सुरू करते. पहिला कांदा, शिजवलेला, मग तूरडाळ. सासूबाईंचा ताकासाठी हट्ट आहे, "ताकाने कोणाचं वाईट झालंय का" म्हणतात. घेऊ का तिसऱ्या नंबरला?

रानजाई : ताकाआधी दही घ्या, दोन चमचे, सकाळी लावून संध्याकाळी लागलेलं, आंबूस न झालेलं. फ्रिजमधलं दोन दिवसांचं नको. ते निभलं तर त्याच दह्याचं पातळ ताक. आणि सासूबाईंना सांगा, त्यात मिरची वाटून घालायची नाही, नाहीतर पास कोण आणि नापास कोण कळायचं नाही.