मदत हवी आहे: बाबांच्या आठवणी कशा टिपून ठेवू?

बाबा ८१ वर्षांचे आहेत. छापखान्यात खिळे (छपाईचे धातूचे अक्षर-ठसे) जुळवण्यात त्यांची हयात गेली. सकाळचं औषध घेतलं का, हे आठवत नाही. पण कुठलं अक्षर कोणत्या खणात असायचं ते अचूक सांगतात. बोलता बोलता बोटं टेबलावरून खिळे उचलत असतात! हातांची सवय मेंदूत वेगळीकडे साठते, १० ते ३० या वयातलं जास्त आठवतं, हे वाचलंय. पण मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं की ते गप्प होतात. सालं विचारली की चुकतात, ओशाळतात. ते बघवत नाही.

कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून असं काही लिहून घेतलंय का? सुरुवात कशी केलीत, जुन्या वस्तू हातात देऊन? आणि एकच प्रसंग त्यांनी दोनदा वेगवेगळा सांगितला, तर दोन्ही ठेवायचे का?