उन्हातल्या पट्ट्यासाठी उंच फुलझाडं हवीत (पुणे)

मंडळी, वारज्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत वीस फूट लांब, तीन फूट रुंद पट्टा मोकळा आहे. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत कडक ऊन. एप्रिल-मेमध्ये भिंत अशी तापते की दिवेलागणीनंतरही हात ठेववत नाही. खाली मुरूम, वर फूटभर काळी माती: जुलैत चिखल, उन्हाळ्यात भेगा.

मागच्या ओळीत चार-पाच फूट उंच आणि एकदा लावली की दरवर्षी फुटणारी फुलझाडं हवी आहेत. जास्वंद, कण्हेर, तगर नकोत, छाटणीचा कंटाळा आलाय. हॉलीहॉक देखणा, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा आणि ऊन तापलं की संपला. डेल्फिनियम तर थंड हवेतलं फुलझाड, त्याचं नावच काढू नका.

डोक्यात कर्दळ, निशिगंध, गोल्डन रॉड आहेत. सासूबाईंना वासासाठी सोनटक्काच हवाय. तो इथे टिकेल? कर्दळीची उंच जात रोपावरून ओळखता येते का? गोल्डन रॉड शेजारच्यांना गिळतो म्हणतात, खरं का?

प्रतिसाद:
सोनटक्का त्या भिंतीला नकोच. त्याला सतत ओल आणि दुपारची सावली लागते, नाहीतर पानं करपतात. पूर्वेला नळाजवळ लावा, सासूबाईंची खिडकी तिकडे असेल तर फारच छान.

कर्दळ बिनधास्त लावा, फक्त उन्हाळ्यात पाणी भरपूर द्या. लहान रोपावरून उंची कळत नाही, फुलावर आलेलं झाड बघून त्याचाच कंद मागा. दांड्यावरची सगळी फुलं संपली की तो जमिनीलगत कापा, बाजूने नवे कोंब येतात. पावसाळ्यात पानांच्या सुरळ्या दिसल्या तर आत अळी असते, उलगडून काढून टाका. दोन-तीन वर्षांनी कंद उकरून वेगळे करायचे.

निशिगंध मधल्या ओळीत. दांडा साधारण तीन फुटांचा, मागे दिसणारच नाही. कंद मार्च-एप्रिलमध्ये लावा, पण आधी गादीवाफा (मातीचा उंच वाफा) करा, तुमच्या जुलैच्या चिखलात ते कुजतील. वास हवा तर सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, घ्या. गोल्डन रॉड जमिनीखालून पसरतो हे खरं, म्हणून त्याच्याभोवती शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा.

धागाकर्ती:
आभार! सोनटक्का पूर्वेला, ठरलं. पिवळ्या उंच कर्दळीचा कंद कोणाकडे आहे का? बदल्यात मे फ्लॉवरचे कंद देईन, भरपूर झालेत.