समुद्र न पाहिलेल्यांनी बेटावर कुठली गाणी न्यावीत?

बीबीसी रेडिओवर जानेवारी १९४२ मध्ये 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना रॉय प्लॉमली यांची, काळ महायुद्धाचा. पाहुण्याला सांगायचं, तुम्ही निर्जन बेटावर एकटेच अडकणार आहात, आठ तबकड्या सोबत न्या. कुठल्या न्याल आणि का? शिवाय एक पुस्तक, आणि एक चैनीची वस्तू. वस्तू अशी पाहिजे, की तिचा तिथं जगायला काही उपयोग नाही. बायबल आणि शेक्सपिअर आधीच ठेवलेले असतात.

तोच खेळ आपण आपल्या विदर्भातल्या गावांत खेळू. समुद्र पुष्कळांनी पाहिलेला नाही, हे मान्य. समृद्धी महामार्गानं नागपूरहून निघालं तर ७०१ किलोमीटरनंतर रस्ता संपतो, समुद्र त्याच्याही पुढे. पण जुलैमध्ये नदी-नाले एक झाले की अर्धी गावं बेटंच होतात, त्यामुळे कल्पना करायला जड जाऊ नये.

आठ गाणी आठवली नाहीत तर एकही चालेल. आठवण मात्र पाहिजेच, नुसती यादी नको. पुस्तकांचा प्रश्न मिटवून टाकू: ग्रामगीता आणि तुकोबांची गाथा बेटावर आहेत असं धरा. खर्रा, म्हणजे आपला तंबाखू-सुपारीचा घोटा, चैनीत बसतो की गरजेत, यावर वाद घालू नका. तो मिळणार नाही.

विचारण्यामागं माझा एक स्वार्थ आहे. मोबाइल येईपर्यंत आपल्याकडे गाणं कुणी निवडत नव्हतं. ते लागायचं, आणि आपण ऐकायचो. दुसऱ्याच्या लग्नातला भोंगा, शेजारच्या ओट्यावरचं आकाशवाणी नागपूर, मंदिरातलं भजनी मंडळ. त्यामुळे 'तुमचं आवडतं गाणं कोणतं' असं विचारलं, की खूपदा उत्तरात आधी गाण्याऐवजी माणूस येतो. तो माणूस लिहा. आलेली उत्तरं खाली देतो, मधेमधे कंसात बोलतो तो मी.

मोर्शी तालुका, संत्र्याची बाग

माझं पहिलं 'या झोपडीत माझ्या'. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं हे भजन आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना झाली की खंजिरी निघायची. पावसाळ्यात चामडं सैल पडते, थाप मारली तर भद्द वाजते. मग आईनं तवा उतरवला रे उतरवला, की बाबा त्याच आरावर खंजिरी धरून बसायचे. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा धरायची. तिकडे भाकरी थंडी होऊन जायची. यावर आई जे बोलायची ते भजनापेक्षा लांब असायचं. अजूनही ते भजन कानावर पडलं, की मला आधी तापल्या चामड्याचा वास येतो.

पण दुसरं जे न्यायचं आहे ते गाणं नाही. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत, महाराजांच्या आश्रमात, बरोबर त्या वेळेला मौन असतं. एवढी गर्दी, लेकरंबाळं, दुकानं, आणि एकदम काहीच नाही. दुरून एखादं बारकं पोरगं रडते तेवढंच. ते मौन रेकॉर्ड करून द्या. बेटावर शांतता फुकट मिळेल म्हणाल, पण ती एकट्याची. मला गर्दीची पाहिजे.

*(नियमात बसतं. रडणाऱ्या पोरासकट.)*

माहेर वाशीम जिल्ह्यात, सासर पुसदकडे

भुलाबाईची गाणी कोणी कॅसेटमध्ये भरली असतील, पण आमच्या आळीची चाल त्यात नसणार. म्हणून तोंडपाठ गाणं चालत असेल तरच मी खेळते. 'कारल्याचा वेल लाव गं सुने'.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज दिवेलागणीला घरोघर जायचं, गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. घरची बाई डबा आतून हलवून दाखवायची. आवाजावरून ओळखायचं: शेंगदाणे, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. आमच्या आळीत एक घर होतं, तिथल्या काकूंचा डबा कधी वाजायचाच नाही. आत गुळाचा खडा, तोही फडक्यात गुंडाळलेला. सगळ्या पोरींना ते ठाऊक होतं. तरी आम्ही पेढा, बर्फी, जिलबी, बालुशाही अशी सगळी नावं घेत बसायचो आणि काकू दर नावाला 'नाही' म्हणत हसायच्या. 'गूळ' सगळ्यात शेवटी. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

गाण्यात सून माहेरी जायचं म्हणते, आणि सासू सांगते आधी वेल लाव, मग कोंब येऊ दे, मग कारलं येऊ दे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी माहेरी जायचं म्हटलं तर उत्तर आलं, सोयाबीनची सोंगणी होऊ दे. सोंगणी झाली तर मळणी होऊ दे. मळणी झाल्यावर हरभरा निघाला. मी चुलीपाशी बसून हेच गाणं गुणगुणायला लागले. मागून सासूबाईंनी सासूची ओळ धरली! त्या पण कोणाच्या तरी सून होत्याच की. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी एसटीत बसवून दिलं.

आता माझी अडचण सांगते. सुनेची ओळ मी म्हणेन. बेटावर सासूची कोण म्हणेल?

दारव्ह्याजवळून, जुना माईकवाला

मी गाणी लावणारा माणूस, ऐकणारा नाही. बंडीत बॅटरी, अॅम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि दोन भोंगे घालून लग्नाच्या गावी जायचं. भोंगा कडुनिंबाच्या शेंड्यावर बांधायचा. शिवेवरच्या वावरात ऐकू गेलं नाही तर वधूबाप पैसे कापून घ्यायचा.

लोक चिठ्ठ्या आणायचे. चिठ्ठीमागे थोडे पैसे. 'अमक्याकडून नवरदेवास सप्रेम भेट' असं मी माईकवर वाचायचो आणि गाणं लावायचो. काही चिठ्ठ्यांवर देणाऱ्याचं नाव नसे, घेणाऱ्याचंही नसे. नुसतं गाणं आणि दुमडलेली नोट. मी माईकवर काही न बोलता ते गाणं लावून द्यायचो. चिठ्ठी कोणत्या पोट्ट्यानं आणली आणि गाणं लागल्यावर कोणत्या ओट्यावरची पोरगी उठून घरात गेली, मले सगळं दिसे. उंचावर बसलेला असतो ना आपण. कोणाले काही सांगितलं नाही. आता त्यातले पुष्कळ आजा-आजी झाले, वेगवेगळ्या घरांत. रामराम करतात.

'बाबुल की दुआएँ लेती जा' ही तबकडी १९६८ नंतर एकाही लग्नात चुकली नाही. इतकी घासली की मधल्या कडव्यात सुई अडकायची. मग नवरी रडता रडता थांबून भोंग्याकडं पाहायची, तिची माय पाहायची, सगळं वऱ्हाड पाहायचं. मी बोटानं सुई पुढं सरकवली की पुन्हा रडणं सुरू. मले तीच घासलेली तबकडी पाहिजे. नवी देऊ नका. कुठं अडकते ते पाठ आहे.

मूर्तिजापूर तालुका

'काळ्या मातीत मातीत तिफन चालते'. विठ्ठल वाघांचं गीत, 'अरे संसार संसार' सिनेमातलं. आमच्याकडे तिफणीवर बाबा आणि मागं सरता धरून आई, असं खरंच होतं, त्यामुळे लहानपणी वाटायचं गाणं आमच्याच वावरावर केलं. एका साली मृगात पेरलं आणि पाऊस गेला. दुबार पेरणीसाठी बियाणं उसनं आणलं त्या रात्री रेडिओवर नेमकं हेच लागलं. बाबांनी उठून रेडिओ बंद केला. रागानं नाही, रोज दिवा मालवत तसा. पुढं चांगली सालंही आली, ते स्वतः हे गाणं म्हणायचे. मला दोन्ही वेळा एकत्र आठवतात आणि म्हणून ते न्यायचं की नाही हे ठरत नाही. लिहून ठेवा, निघायच्या दिवशी सांगतो.

आर्वीकडून

गाणं सांगत नाही. वडिलांचा रेडिओ आहे, सेल टाकले तर वाजतो. चैनीची वस्तू म्हणून तो लिहून घ्या.

देसाईगंज (वडसा), ऑर्गन वाजवतो

२०२३ मध्ये आमच्या नाटकांतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातले लोक विचारायला लागले, झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे काय. तर असं: दिवाळी झाली, धान निघाले, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा बैल, रात्री नाटक. लेकी-जावई, पाहुणे, सगळा गाव मंडपात. रात्री उशिरा पडदा उघडला की उजाडेपर्यंत. बैलांच्या शर्यतींवर बंदी होती त्या सालांतही मंडईच्या नावानं नाटकं झालीच.

मी नेणार ते पहाटे तीनच्या सुमाराचं गाणं. कुठल्या नाटकातलं ते विचारू नका, नाटक बदलते तसं गाणं बदलते. पण त्या वेळेला एक रडकं गाणं असतेच. थंडीनं बोटं आखडलेली असतात, पट्ट्या बर्फावानी लागतात. पुढं बघावं तर अर्धे लोक चादरीत गुंडाळून झोपलेले. नायिका सूर लावते आणि झोपलेल्यांतून एकेक डोकं वर येते. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायकांचं. त्यायले कथा मालूम नसते, कोणत्या अंकाला झोप लागली तेही मालूम नसते, तरी डोळे पुसतात. मग कोणी तरी उठून पन्नास रुपये बक्षीस आणून देते आणि 'वन्स मोर'. पुन्हा तेच गाणं, पुन्हा सगळे झोपतात.

वन्स मोर द्यायला बेटावर कोणी नाही, हे मात्र कठीण काम आहे जी.

हिंगणघाटकडून, अंगणवाडी सेविका

'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना'. सुरेश भटांची रचना आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर ती बाबांची होती. आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला पायी आणि मिळेल त्या गाडीनं गेलेली. बाबा दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना दोन गोष्टी आणायचे, एक पुस्तक आणि एक कॅसेट. घरात टेपरेकॉर्डर नव्हता! पुस्तक आम्हा भावंडांना, कॅसेट बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर. अशा किती तरी जमल्या. आई म्हणायची, "न वाजणारं घेऊन काय करता?" बाबा म्हणायचे, "वाजेल."

टेप आला तो आईच्या कापूस वेचाईच्या पैशातून. त्या रात्री शेजारपाजारचे सगळे अंगणात बसले आणि बाबांनी पहिली कॅसेट कोणती लावायची ते आईला विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फळीवरची सगळ्यात जुनी ओळखली, धुळीवरून. तिच्यात हे गाणं होतं.

वर्ध्याहून, कॉलेजात आहे

पोळ्याला बैलांपुढं म्हणतात ती झडती चालेल का? तोरणाखाली बैल उभे, आमचे आजोबा झडती म्हणायचे आणि शेवटी सगळ्यांनी 'हर बोला हर हर महादेव'. आजोबांची झडती मोबाइलवर भरून ठेवली आहे, पण 'महादेव' म्हणायला मी एकटाच असेन तर ते बरं दिसणार नाही.

*(इथं थोडं थांबून बोलतो. भुलाबाईवाल्या ताई, ऑर्गनवाले दादा आणि हा पोरगा, तिघांची तक्रार एकच आहे. प्लॉमलींच्या खेळात तबकडी वाजते आणि माणूस ऐकतो, दोघांत तिसरा लागत नाही. आपली निम्मी गाणी दुसऱ्यानं पुढची ओळ धरल्याशिवाय पुरीच होत नाहीत. तरी माणूस नेता येणार नाही, नियम तो नियम. एकट्यानं म्हणायचं गाणं आहे का कोणाजवळ?)*

अकोट तालुका. सांगते आजी, लिहिते नात

आजीला खेळ समजावून सांगितला. तिनं आधी विचारलं, "थ्या बेटावर जायाले सांगतलं कोनं?" मग विचारलं, "वापस कधी येनं हाय?" दोन्हींचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण एकट्याचं गाणं म्हटल्यावर तिनं लगेच सांगितलं: जात्यावरच्या ओव्या.

"पहाटी एकटीच बसो मी. जाऊ बायंतीन, सासूचे हात दुखत. झील, मांगची ओळ, धराले कोनी नोयतं. जातं घरघरे, थेच झील."

मी म्हटलं, एखादी सांग, लिहून घेते. ती सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबली. हात नुसताच फिरत होता. "अशी बसून नाही येत वं. दयतानी निंघते थे."

म्हणून चैनीची वस्तू म्हणून तिला जातं पाहिजे. मी नियम सांगितला, की उपयोगाची वस्तू चालत नाही.

"थ्या बेटावर जवारी हाय काय?"

"नाही."

"मंग जातं काय उपयोगाचं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. तुम्हीच ठरवा. मी तिला एवढंच विचारलं, की ज्वारी नसेल तर रिकामंच फिरवशील का?

"रिकामं जातं फिरवत नसतात, घरात भांडनं होतात."

"अगं, तिथं तू एकटीच असशील."

"असन. तरी नाही फिरवत. पायलीभर जवारी मांग त्यायले. अन् जात्याले टाकी लावून द्या म्हना, लय बोथट झालं हाय."