लाल फ्रॉक, स्प्रिंगसारख्या बटा... ही कॉमिकमधली मुलगी कोण?

सोनचाफा:
नमस्कार मंडळी, खूप वर्षं डोक्यात अडकलेला प्रश्न आहे. लहानपणी आजोळी मामाने रद्दीवाल्याकडून एक इंग्लिश कॉमिक आणलं होतं, कव्हर आणि सुरुवातीची पानं गायब. त्यात लाल फ्रॉकवाली मुलगी, डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके, स्प्रिंगसारख्या बटा, डोक्यावर इवलीशी टोपी. ती शेजारच्या हट्टी पोराला गप्प बसवायला गोष्ट सांगते, की एक गरीब मुलगी जंगलात कसलीतरी बोरं वेचायला जाते आणि चेटकीण मागे लागते. मला तेव्हा इंग्लिश येत नव्हतं, मामाच वाचून सांगायचा. मामा आता नाही. लेक सात वर्षांची झालीय, तिला तीच गोष्ट सांगायचीय. नाव आठवतंय का कुणाला?

पाटीपेन्सिल:
नॅन्सी असेल का? तिचेही डोळे ठिपक्यांचेच.

जुनंपान:
नाही हो, नॅन्सीचे केस काटेरी, गोल, वर रिबन. आणि तिची स्ट्रिप रोज पेपरात यायची, तीनचार चौकटींत विनोद संपला, लांब गोष्टी नसायच्या. ताई, ही लिटल लुलू! शेजारचं पोर म्हणजे आल्विन, चेटकीण विच हेझल आणि ती बोरं म्हणजे बीबलबेरी, असं खरं फळच नाहीये :)

लुलू पहिल्यांदा आली २३ फेब्रुवारी १९३५ ला, सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या अमेरिकन साप्ताहिकात. त्यात आधी कार्ल अँडरसनच्या व्यंगचित्रातला टकलू हेन्री यायचा, तो पेपरांकडे गेला आणि त्याच्या जागी मार्जोरी हेंडरसन ब्युएल यांनी ही मुलगी आणली. पहिल्याच चित्रात लग्नात फुलं उधळायचं काम हिच्याकडे आणि ही चक्क केळ्याची सालं टाकत चाललीय! चेहरा मात्र एकदम शांत. तिचा गोडवा मला तिथेच वाटतो, गोबऱ्या गालांत नाही.

पाटीपेन्सिल:
अरे वा, म्हणजे सोनचाफाताईंच्या गोष्टी पण त्यांच्याच का?

जुनंपान:
हाच तर मुद्दा आहे आणि यावर मी तासभर बोलू शकतो. ब्युएलबाईंची लुलू एका चित्राची, बहुतेक वेळा बिनशब्दांची. १९४५ पासून कॉमिक बुकं निघाली ती जॉन स्टॅनली लिहायचा, पानांचा कच्चा आराखडाही तोच काढायचा आणि मग आयर्विंग ट्रिप वगैरे लोक पक्की चित्रं करायचे. कव्हरवर मात्र फक्त ‘मार्ज’, म्हणजे ब्युएलबाईंचं टोपणनाव. चेटकिणीच्या गोष्टी, लुलूचा मित्र टबी आणि त्याच्या पोरांच्या खोपटावरची ‘मुलींना प्रवेश नाही’ पाटी आणि लुलूने दरवेळी त्या पोरांची जिरवणं, हे सगळं ज्याने वाचणाऱ्या पोरांना दिलं त्याचं नाव त्यांना कळलंच नाही. ब्युएलबाईंचं श्रेय कमी करत नाहीये मी, मुलगी त्यांचीच, पण तिला बोलतं केलं स्टॅनलीने.

मधुराज्ञी:
पटलं. एक भर घालते, त्या पाटीला न जुमानणाऱ्या लुलूचं नाव घेऊनच पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समधल्या बायकांसाठी ‘फ्रेंड्स ऑफ लुलू’ संस्था निघाली. सोनचाफा, ड्रॉन अँड क्वार्टर्ली या प्रकाशनाने २०१९ पासून स्टॅनलीच्या गोष्टी जाड पुस्तकांत पुन्हा छापल्यात, तिथून सुरुवात कर. माझ्या मुलीला टबी डिटेक्टिव्ह बनतो त्या गोष्टी जास्त आवडल्या, प्रत्येक वेळी त्याचा संशय लुलूच्या बाबांवरच!

सोनचाफा:
लुलू! मामा तिला ‘लीलू’ म्हणायचा, मला वाटायचं त्यानेच ठेवलेलं नाव आहे. जुनंपान, मधुराज्ञी, किती थँक्यू म्हणू. आल्विनचं चित्र शोधून बघितलं आत्ता, तोच, अगदी तोच. आज रात्री लेकीला आठवेल तेवढी सांगते, फळाचं नाव बीबलबेरीच ठेवते, मामा बोरं म्हणायचा तेही सांगते.