डीलरने ‘फुल ओरिजिनल पेंट’ लिहून दिलं, पावसात पुट्टी बाहेर आली. पुढे काय करावं?

भांडुपकरीण

मार्चमध्ये पूर्व उपनगरातल्या एका डीलरकडून २०१८ ची वॅगनआर घेतली. चंदेरी, सिंगल ओनर, पेट्रोल, ३ लाख ८५ हजार. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला लोकलमध्ये चढवणं आता होत नाही, आणि फिजिओथेरपीला मुलुंडपर्यंत रिक्षाने नेताना खड्ड्यांत तिचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. म्हणून गाडी.

चालायला छान आहे. इंजिन, एसी, गिअर, कशाचीच तक्रार नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाने मला थांबवून दाखवलं, डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीत रंग फुगलाय. नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खाली राखाडी पुट्टी. मग मी नीट बघायला लागले. रात्री पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली मागचं डावं दार आणि क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) यांचा चंदेरी रंग वेगळा दिसतो, उन्हात अजिबात कळत नाही. दाराच्या काळ्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत. डिकीचं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात पत्रा लाटालाटांचा, आणि डाव्या कडेचा सीलंट हाताने फासल्यासारखा. उजव्या कडेचा एका रेषेत आहे.

डीलरला फोटो पाठवले. उत्तर आलं, “मॅडम, हे फक्त कॉस्मेटिक आहे, सेकंडहँड गाडीत एवढं असतंच. तुम्ही ‘जशी आहे तशी’वर सही केली आहे.” सही केली आहे, खरं आहे. पण गाडीच्या फोटोंसोबत व्हॉट्सॲपवर त्यांनीच लिहिलं होतं, “नॉन-ॲक्सिडेंटल, फुल ओरिजिनल पेंट.” कुठे ठोकली आहे का, असं मी वेगळं विचारलं होतं. त्यावर “नाही मॅडम, टच-अपसुद्धा नाही” हा मेसेज आहे माझ्याकडे.

ठोकलेली गाडी कमी किमतीत मी कदाचित घेतलीही असती. पण ते ठरवायचं मी होतं, त्यांनी माझ्यासाठी ठरवायचं नव्हतं. याचाच मला मनापासून राग आलाय.

आता आधी दुरुस्त करून घेऊ का? आईला यात बसवणं सुरक्षित आहे हे नक्की कोण सांगेल? आणि डीलरकडून काही मिळू शकतं का?

टिंकर_विक्रोळी

ताई, आत्ता रंगाला हात लावू देऊ नका कोणाला. डीलर म्हणेल आणा, फुकट मारून देतो, तरी नाही. पुरावा तोच आहे.

दार, बॉनेट, पुढचा फेंडर हे बोल्टवर असतात, बदलले तरी गाडीच्या जिवाला धोका नाही. क्वार्टर पॅनेल वेल्डिंगचं असतं, बॉडीचाच भाग. तिथे पुट्टी आणि स्टेपनीच्या खड्ड्यात लाटा, म्हणजे मागून डाव्या कोपऱ्यात चांगला दणका बसलाय. नुसत्या ओरखड्याला डिकीचा पत्रा लाटा घेत नाही. तेव्हा ‘फक्त कॉस्मेटिक’ हे गाडी वर उचलल्याशिवाय कोणीही म्हणू नये, डीलरनेही नाही आणि मीही नाही.

पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, असलेल्या माणसाकडून सगळे पॅनेल मोजून घ्या. सुरुवात छतापासून करा, छताला सहसा कोणी हात लावत नाही. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा मारलेला २०० च्या वर जातो, आणि पुट्टी असली की ५०० काय, हजारच्याही पुढे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे हे गेज आकडा देत नाही. प्रत्येक आकड्याचा गाडीच्या नंबरप्लेटसकट फोटो काढा.

मग लिफ्टवर घेऊन मागचे चेसिसचे दोन्ही रेल, म्हणजे तळाचे लांब दांडे, बघायचे: सुरकुती, नवं वेल्डिंग, ताजा काळा अंडरकोट. चारही चाकांच्या अलाइनमेंटचा प्रिंट घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांचा अँगल ॲडजस्ट होतच नाही. तो बिघडलेला आला तर एक्सल किंवा बॉडी वाकलेली आहे. तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या प्रिंटमध्ये मिळेल, रंगात नाही.

फुगे का आले म्हणाल तर पत्रा नीट साफ न करता, प्रायमर न लावता पुट्टी थापली की ती ओल धरते. खाली गंज चढतो आणि रंग उचलला जातो. आपल्या खाऱ्या हवेत तर लवकरच.

घाटकोपरचा_सँट्रोवाला

मुंबईत बंपर न रंगवलेली सात वर्षांची गाडी मला दाखवा. गाडी चालतेय ना चांगली? कोर्टकचेरीत वेळ घालवण्यापेक्षा आईला फिरवा. मी माझ्या गाडीचे दोन पॅनेल मारून घेतले आणि विषय संपवला.

ग्राहकमित्र_दादर

सँट्रोवाले, बंपरचं बरोबर आहे तुमचं. पण इथे विचारल्यावर लेखी खोटं सांगितलंय, तिथे फरक पडतो.

ताई, वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘जशी आहे तशी’ हा मुद्दा डीलर मांडणारच, पण विचारल्यावर दिलेलं खोटं उत्तर त्या तीन शब्दांखाली झाकलं जातं असं मला वाटत नाही. चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याच्या नोंदी एकत्र ठेवा.

आधी लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ डीलर तिथेच बोलायला तयार होतात. नाही झाले तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे पूर्व. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांचा सल्लाही घ्या, कागद कसे लावायचे ते नीट सांगतात.

आणखी दोन गोष्टी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, त्यांच्याकडे आहे का ते लेखी विचारा. आणि डीलरने दिलेल्या जुन्या विमा पॉलिसीवर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के आहे ते बघा. एकच मालक आणि क्लेम कधीच नाही, तर एवढ्या वर्षांत तो ५० टक्क्यांवर असायला हवा.

भांडुपकरीण

पॉलिसी ऑगस्ट २०२४ ची आहे, एनसीबी २० टक्के! मी ती फाइल घेताना फक्त तारीख बघितली जाते हेच ऐकून होते. मग आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. जुलै २०२३ मध्ये मागचा बंपर आणि डिकीचं दार बदलल्याची नोंद आहे, इन्शुरन्स क्लेममध्ये. क्वार्टर पॅनेलचा उल्लेख नाही, ते बाहेर कुठेतरी केलं असावं.

हे कळवल्यावर डीलरचा सूर बदलला. १५ हजार देतो म्हणाले, पण ‘फुल अँड फायनल’ लिहून हवंय, आजच.

ग्राहकमित्र_दादर

२० टक्के म्हणजे आधीचं एक वर्ष बिनक्लेमचं आणि त्याच्या आधीच्या वर्षी क्लेम. तारखा जुळतात. पॉलिसी ९० दिवसांहून जास्त लॅप्स झाली तरी एनसीबी शून्यावर येतो, म्हणून नुसता तो पुरावा पुरला नसता. आता सर्व्हिसची नोंद हाती आहे, तिची शिक्क्यासह प्रत घ्या.

आज सही करू नका. गाडीचं नुकसान किती हेच अजून ठरलेलं नाही. परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी अहवाल घ्या, त्यात ठोकलेल्या आणि न ठोकलेल्या गाडीच्या किमतीतला फरक मांडायला सांगा. बोलणी त्या आकड्यावर होतील.

टिंकर_विक्रोळी

रविवारी सकाळी गाडी घेऊन या, मेसेजमध्ये पत्ता देतो. गेज आहे माझ्याकडे, लिफ्ट शेजारच्या गॅरेजची. बघायचे पैसे नकोत. रेल सरळ निघाले तर आईला बिनधास्त बसवा. नाही निघाले तर रिपोर्ट येईपर्यंत गाडी उभी ठेवा.

तोवर फुग्यावर मास्किंग टेप लावा, कडा सुकलेल्या असताना. त्या बाजूला प्रेशरने पाणी मारू नका म्हणावं त्या मुलाला. आणि रंगकाम कधीही करा, पाऊस ओसरल्यावर करा. या दमट हवेत रंगकामाचा बंद बूथ नसलेल्या ठिकाणी मारलेला रंग पुढच्या वर्षी परत उचलेल.