मदत हवी आहे: एनआयसीयूमधल्या बाळाचा बाप्तिस्मा आत्ताच करावा का?

नमस्कार. आम्ही वसईचे कॅथलिक. आमचा मुलगा अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मला आणि सध्या मुंबईत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. प्रश्न वैद्यकीय नाही, म्हणजे पूर्णपणे नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं आहे की बाप्तिस्मा आत्ताच, तिथेच काचेच्या पेटीत व्हावा. मला ते जमत नाहीये, आणि का जमत नाहीये हे घरात नीट सांगता येत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी लिहावं. ख्रिस्ती नसलात तरी लिहा, कारण अर्धा प्रश्न भीतीचा आहे.

आधी बाळाबद्दल. माझं बीपी हाताबाहेर गेलं म्हणून सिझेरियन करावं लागलं. त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी मला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती. जन्मताना वजन १०४० ग्रॅम. नळीतून सर्फॅक्टंट (फुप्फुसं मिटू नयेत म्हणून देतात ते औषध) दिलं, काही दिवस व्हेंटिलेटर, आता सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र. श्वास घ्यायला विसरतो म्हणून कॅफीन चालू आहे. तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने दर दोन तासांनी दूध जातं. माझं कमी पडतं तेव्हा दूधपेढीचं देतात. (आशियातली पहिली दूधपेढी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला आत्ता कळलं. कुणा अनोळखी बाईचं दूध माझ्या बाळाच्या पोटात जातंय, तिच्यासाठी मी रोज एक 'नमो मारिया' म्हणते.) डोक्याच्या सोनोग्राफीत थोडा रक्तस्राव दिसला, पहिल्या श्रेणीचा. डॉक्टर म्हणतात तो बहुतेकदा आपोआप जिरतो. त्यांच्या भाषेत बाळ 'स्टेबल बट क्रिटिकल' आहे.

सासूबाईंनी पहिल्याच रात्री विचारलं होतं, "पाणी घातलं का?" त्यांच्या पिढीत बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाचं काय होतं याची फार धास्ती होती. अशी मुलं स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतात, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं. पवित्र केलेल्या जमिनीत अशा बाळांना जागा मिळत नसे. फादरांनी त्यांना समजावलं की चर्चची आजची शिकवण अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असं लिहिलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, "फादर, आशा ठीक आहे, पण पाणी घातलेलं बरं." मी त्यांना दोष देत नाही. त्यांची स्वतःची एक मुलगी जन्मल्यादिवशीच गेली होती, आणि तिच्याबद्दल त्या आजही कुणाशी बोलत नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, भीतीपोटी नको, पण आपल्याकडे जे सगळ्यांत मोलाचं आहे ते त्याला द्यायला उशीर का करायचा? मोठीला आपण दीड महिन्याची असताना दिलं, याला आज देऊ. त्याचं बरोबर आहे हे मला कळतं. चर्चचा नियमही तेच सांगतो: बाळाच्या जिवाला धोका असेल तर विलंब करू नये. फादर पोचू शकत नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्सही, स्वतः ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू हवा, खरं पाणी हवं, आणि "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते" हे शब्द हवेत. बाळ घरी आलं की बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. उरलेले विधी, म्हणजे तेल, शुभ्र वस्त्र आणि मेणबत्ती, चर्चमध्ये पूर्ण करतात.

हे सगळं माहीत असूनही माझा पाय अडतो. फादर त्या पेटीपाशी उभे राहिले तर मला वाटेल की आम्ही त्याला निरोप देतोय. सासूबाईंनी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कारही मागितला होता. तो समजत्या वयाच्या माणसांसाठी असतो, असं फादरांनी सांगितलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की त्याचीच नंतर लाज वाटली. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे रविवार, पांढरा झगा, धर्मपिता-धर्ममाता आणि अंगणात जेवण. मला याच्यासाठीही तेच हवं आहे. आत्ता केलं तर त्याच्या वाट्याचा तो रविवार मी स्वतःच्या हाताने खोडतेय असं वाटतं.

रात्री दूध काढत बसते तेव्हा वाचत असते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे लवकर जन्मला. वजन माझ्या बाळाच्या दुप्पट. जन्मल्याबरोबर त्याचा बाप्तिस्मा झाला आणि ३९ तासांनी तो गेला, फुप्फुसांच्या त्याच आजाराने ज्यासाठी माझ्या बाळाला सर्फॅक्टंट दिलं. ते तेव्हा नव्हतं. जपानमध्ये डॉ. फुजिवारांनी ते बाळांवर यशस्वीपणे वापरल्याचं १९८० साली प्रसिद्ध केलं. एक गोष्ट मला यातून पटली: बाप्तिस्मा हा औषधाला पर्याय नाही आणि मरणाची चिठ्ठीही नाही. पॅट्रिक बाप्तिस्म्यामुळे गेला नाही, आणि माझं बाळ बाप्तिस्म्यामुळे वाचणार नाही. पण मग तो आत्ता कशासाठी द्यायचा, याचं उत्तर मला अजून मिळत नाही.

प्रार्थनेचंही तसंच. जपमाळ हातात घेतली की मॉनिटर वाजतो आणि मी आकडा बघत बसते. कुणीतरी १३९वं स्तोत्र पाठवलं, आईच्या उदरात तूच माझी घडण केलीस असं म्हणणारं. लहानपणापासून पाठ आहे, आता वाचवत नाही. घडण पुरी व्हायच्या आत माझ्या शरीराने त्याला बाहेर टाकलं, तर त्या ओळीचं काय करू? त्याच स्तोत्रात पुढे देवाने माझा अपुरा देहही पाहिला असं आहे, तेवढंच सध्या धरून आहे.

आणि लोक. "देव परीक्षा बघतोय." "विश्वास पुरेसा ठेव, बाळ नक्की बरं होईल." म्हणजे नाही झालं तर तो माझ्या विश्वासाचा तुटवडा? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू म्हणतो, कुणाच्याच नाही. हे मी मनात म्हणते, तोंडावर कुणाला म्हणवत नाही. डॉक्टर-नर्सना देवाचे हात वगैरेही मला म्हणवत नाही. ती शिकलेली, थकलेली, पहाटे चारला बाळाची नळी बदलणारी माणसं आहेत, आणि त्यांना झोप मिळावी एवढं मात्र मी देवाकडे रोज मागते.

तर मला कळायला हवं आहे ते असं. एनआयसीयूत बाप्तिस्मा केलेलं कुणी आहे का इथे? परवानगी कुणाकडे मागितलीत? पेटी उघडली की त्याचं तापमान उतरतं, त्वचा पातळ कागदासारखी आहे, तर पाणी किती आणि कसं घातलं? आणि ज्या आयांना माझ्यासारखं वाटलं होतं त्यांना नंतर काय वाटलं, हे कृपया खरं सांगा. धीर देण्यासाठी म्हणून काही लिहू नका.

भर: इतक्या लोकांनी लिहिलं, मनापासून आभार. ज्या बहिणीने नर्स म्हणून अशा वेळी स्वतः पाणी घातल्याचं लिहिलं, तिच्या उत्तराचा फार उपयोग झाला: निर्जंतुक पाणी, खोलीच्या तापमानापेक्षा थोडं कोमट, सुई काढलेल्या सिरिंजने, पेटीच्या गोल खिडकीतूनच. पाणी डोक्यावरून थोडं तरी वाहायला हवं, ओला कापूस टेकवून भागत नाही. हे माहीत नव्हतं. एका ताईंनी विचारलं, नाव ठेवलंय का? नाही. त्याच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव आहे. नाव ठेवलं आणि काही झालं तर, या विचाराने आम्ही थांबलो होतो. ते वाचल्यावर नवरा आणि मी जिन्यात बसून बराच वेळ बोललो. लग्न झाल्यापासून इतकं बोललो नसू.

कुणीतरी विचारलं की आत क्रूस किंवा जपमाळ ठेवू देतात का. आमच्याकडे नाही. क्रूस, अंगारा, ताबीज, सगळं दाराबाहेरच्या कप्प्यात राहतं, आणि कोपरापर्यंत हात धुऊन आत जायचं.

आणखी भर: झालं. काल डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सकाळच्या राउंडनंतरची वेळ दिली. फादर गाउन-मास्क घालून आले. त्यांनी दृढीकरणही (बाप्तिस्म्यानंतरचा, एरवी मोठेपणी मिळणारा संस्कार) दिलं. जिवाला धोका असताना धर्मगुरूंना तशी मुभा असते. आत आम्ही दोघं आणि फादर, बाकीचे बाहेर. फादरांनी नाव विचारलं तेव्हा मी मोठ्याने सांगितलं. मशीन एकदा वाजलं, नर्सने सेन्सर नीट केला, आणि पाणी घातलं गेलं. मला निरोप दिल्यासारखं वाटलं नाही. तो आता फक्त माझा रुग्ण मुलगा नाही, आमच्या धर्मग्रामाचा, सगळ्या चर्चचा आहे, आणि त्याला सांभाळायचं सगळं ओझं माझ्या एकटीच्या अंगावर नाही, असं वाटलं. 'आत्ता कशासाठी' याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. सगळ्या आयांना असंच वाटेल असं मी म्हणणार नाही. ज्यांनी थांबायचं ठरवलं त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. नर्सने पट्टीवर नाव लिहून दिलं. सासूबाई दाराबाहेर बाकावर बसून होत्या, आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आपल्या त्या मुलीचं नाव घेतलं.

तब्येत आहे तशीच आहे. काल ऑक्सिजन थोडा वाढवावा लागला, आज पुन्हा कमी केला. सीपॅपवर असाच टिकला तर छातीशी धरायला देऊ म्हणाले, आणि नवऱ्यालाही देणार आहेत.

आता एक वेगळं विचारायचं आहे. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे. बाराशे ग्रॅमच्या आतल्या बाळांची ती दोन-तीन आठवड्यांतच करतात असं सांगितलं. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि बाळ खूप रडतं असं ऐकलं. त्या वेळी आईला जवळ थांबू देतात का? ज्यांच्या बाळांची झाली आहे त्यांनी लिहा, आधी आणि नंतर काय सांभाळावं लागतं तेही.